स्वल्पविराम

आमच्याकडे दशांशाला टिंब देत नाहीत,
स्वल्पविराम देतात.
अडीच लिहायचं तर दोन, मग खाली एक शेपटी, मग पाच.
त्या रात्री ती शेपटी माझ्या हातून
इतकी पुसट उतरली की कागदाच्या घडीत हरवली,
आणि एलेउतेरिओ ओयार्सोच्या शिरेत
अडीचच्या जागी पंचवीस मिलिग्रॅम मॉर्फिन गेलं.

पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर
कास्त्रोच्या खाडीला ओहोटी लागलेली,
खांबांवरची घरं चिखलात गुडघे उघडे टाकून उभी.
नर्स माइतेननं त्याचा श्वास मोजला, मिनिटाला चार.
मग मला हाक मारली. मग आम्ही
करायचं ते सगळं केलं,
उशिरा.

सकाळी प्रमुखांनी कॉफी पुढे सरकवली.
"वय एकाहत्तर. बरगड्या मोडलेल्या. श्वसन मंदावलं.
यात खोटं काय आहे, डॉक्टर?"
खोटं काहीच नव्हतं.
एकेक शब्द खरा होता,
फक्त एकाही वाक्याला कर्ता नव्हता.
मी सही केली.
हृदय थकलं होतं, असं बाईंना
काउंटरच्या काचेमागून कुणीतरी सांगितलं.

अकरा दिवस मी पेशंट तपासले.
अकरा दिवस स्वल्पविराम इतका दाबून काढला
की खालच्या तीन पानांवर वळ उठले.

बाराव्या दिवशी बोटीनं बेटावर गेलो.
इस्मेनिया बार्रिया चुलीशेजारी लोकर पिंजत होती.
बोटीत पाठ केलेलं वाक्य
'आम्हाला अत्यंत खेद' इथपर्यंत आलं आणि अडकलं.
मग मी म्हणालो,
"तुमचा नवरा माझ्या चुकीनं गेला.
औषध दहापट गेलं. आकडा मी लिहिला होता."

पिंजणारे हात थांबले.
भांड्यातले बटाटे तेवढे खदखदत राहिले.
"म्हणजे," ती म्हणाली, "छप्पर नव्हे?"

मला कळलं नाही.
तिनं वर पाहिलं. आढ्याजवळ
नव्या लाकडी कौलांचा हातभर पट्टा,
पुढे सगळी जुनी, काळवंडलेली.
"गळत होतं. मीच तगादा लावला. मीच वर चढवलं.
रोज रात्री त्या कौलांखाली पडून
मोजत होते मी, किती वेळा म्हटलं असेन त्याला,
आज कर, आज कर."

"बरगड्या जुळल्या असत्या," मी म्हणालो.
"सहा आठवड्यांत."
"सहा आठवडे," ती म्हणाली,
दुकान बंद झाल्यावर कुणी भाव सांगावा
आणि आपण तो पुन्हा उच्चारून पाहावा, तसं.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही.
मी मागितलीही नव्हती माफी,
म्हणजे तोंडानं नव्हती.

"त्याचं हृदय थकलं नव्हतं," ती म्हणाली.
"चव्वेचाळीस वर्षं त्यावर कान ठेवून झोपले मी.
मला सांगतात थकलं होतं.
आणखी कुणाला सांगितलंस हे?"
इतका वेळ तुम्ही म्हणत होती. आता तू.
"कुणालाच नाही."
"मग लिही."

मच्छीमार सोसायटीच्या कॅलेंडरचं पान फाडून
तिनं उलटं करून पुढ्यात ठेवलं, वर पेन्सिल.
मी लिहिलं. प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू झालं.
आकड्यापाशी आलो तेव्हा ती वाकली.
"दाखव, कुठे हवा होता."
दाखवला.
तिनं त्यावर बोट ठेवलं, तो दिसेनासा झाला.
"एवढाच?"
"एवढाच."

दुसऱ्या पानावर तेच पुन्हा उतरवलं, खिशात घातलं.
उद्या ते प्रमुखांच्या टेबलावर जाईल.
पुढचं मला ठाऊक नाही.

साडेचारची बोट होती. दारापर्यंत आली ती,
पण हात पुढे केला नाही.
"शिडी त्या दिवसापासून बाहेरच पडलीय," म्हणाली,
"जाताना आत ओढून ठेव."

ओढली. भिजून भिजून
जड झाली होती.